कोणत्या नावाने हाक मारू?

गेल्या अंकात आम्ही मधुमेही माणसाने पावलांची निगा कशी राखावी ते लिहिले होते, आणि त्याआधीच्या अंकात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी. या खेपेस गुडघ्यांवर लिहा, असे संपादकांनी सुचविले. आपल्या मंडळींत गुडघे न दुखणारा माणूस शोधूनच काढावा लागेल, तेव्हा मागणी रास्त आहे. पण गुडघे कुठे पळून जात नाहीत. आज आम्ही नातवंडांविषयी लिहिणार आहोत, आणि तेही अशा नातवंडांविषयी, ज्यांच्याबद्दल लग्नाच्या हॉलमध्ये कुजबुज होते पण उघडपणे कोणी बोलत नाही. काही वाचकांना हा विषय रुचणार नाही. २०२२ सालाच्या आधी आम्हांलाही रुचला नसता.

आमच्या लेकीचे थोरले अपत्य २००८ साली जन्मले. सुईणीने मुलगी म्हणून हातात दिले, आणि आम्ही आमच्या आईचे नाव सुचविले. आई त्याआधी दोनच वर्षे गेली होती. जावईबापू मोरोक्कन घराण्यातले. त्यांच्याकडे नावे ठेवण्याच्या रीती वेगळ्या, तरी त्यांनी मोठ्या मनाने आमचा हट्ट पुरविला. पुढे बारावे वर्ष लागले तेव्हा कोरोना चालू होता. बात मित्स्वा वीस माणसांत उरकली. त्या दिवसाचा एक फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. पांढरा लेसचा झगा, केसांत फुले, आणि चेहरा असा, की जणू कोणी दात काढायला बसवले आहे. 'उन्हामुळे डोळे बारीक झालेत' असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असू.

तो आमचा नातू. होय, नातू. हा लेख आमच्या लेकीने त्याला हिब्रूत वाचून दाखविला आहे, आणि त्याने दोन वाक्ये खोडावयास लावली, ती खोडली आहेत. त्याचे नवे नाव व जुने नाव, दोन्ही इथे येणार नाहीत. तोही त्याचाच निर्णय.

२०२२ सालच्या पेसाखच्या आधी, घराची झाडलोट चालू असताना, त्याने आपल्या आईला सांगितले की आपण मुलगी नाही, मुलगा आहोत, आणि हे आजचे नाही. पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. लेकीने रात्री आम्हांला फोन केला. आम्ही काय बोललो? "वय आहे, जाईल निघून." चाळीस वर्षे रोग्यांच्या उशाशी बसलेल्या बाईच्या तोंडून हे निघाले. मग त्याहून वाईट केले. नवे नाव घेतले नाही एवढेच नव्हे, तर जुने नाव मुद्दाम अधिक वेळा घेऊ लागलो. चहा दे गं अमके, इकडे ये गं अमके. जणू दोरी सैल पडली तर आमची आई दुसऱ्यांदा हातून निसटेल. पोर काही बोलत नसे. उठून आत जाई.

त्या ऑगस्टात बिरड्याचा रोजा आला तेव्हा दक्षिणेत तीन दिवस लढाई चालू होती. लेक, जावई, मुले सगळी आमच्याकडे अश्दोदला होती. सायरन वाजला की आम्ही सारी ममादमध्ये शिरत असू. खिडकीवर लोखंडी पत्रा, पंखा एक, माणसे सात. घामाने सर्वांचे सदरे अंगाला चिकटलेले. आणि नातू पूर्ण बाह्यांचा जाड झगोळा घालून कोपऱ्यात. आम्ही म्हणालो, "अगं, काढ ते." त्याने मान हलविली. धाकट्या भावाला मांडीवर घेताना बाही कोपरापर्यंत सरकली, आणि आम्हांला दिसले.

ऑगस्टातल्या पूर्ण बाह्या. मुलांच्या विभागात नव्याने आलेल्या परिचारिकांना आम्ही स्वतः शिकवीत असू: उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांची मुलगी किंवा मुलगा आला, तर रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने बाही वर करा, आणि काही दिसले तर ओरडू नका. शंभर पोरींना ते शिकविले असेल. घरात चार महिने समोर बसलेले लेकरू आम्हांला दिसले नाही. तेव्हा आम्ही ओरडलो नाही, हेच एक काय ते बरोबर झाले. सायरन थांबल्यावर न्हाणीघरात नेऊन पाणी, साबण, स्वच्छ पट्टी केली. जखमा वरवरच्या होत्या. आमचे हात थरथरत होते. ते चाळीस वर्षांत कधी थरथरले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि १९९७ सालचा एक मुलगा आठवला.

तेव्हा आम्ही एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करीत असू. सोळा वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या जिवाचे बरे-वाईट करता करता वाचला होता. पहाटे तीनच्या सुमारास सलाईन बदलताना त्याने आम्हांला जवळ बोलावून हळूच एक मुलीचे नाव सांगितले. "मला या नावाने हाक माराल? फक्त तुम्ही. फक्त रात्री." आम्ही पाळीवरच्या मुख्य बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कागदावर जे आहे तेच. आम्ही परदेशातून आलेली बाई, हिब्रूत अजून चुका करणारी. वाद घालण्याची छाती नव्हती. तीन रात्री आम्ही कागदावरच्या नावाने हाक मारली. तिसऱ्या रात्री त्याने भिंतीकडे तोंड केले. चौथ्या दिवशी घरी पाठविले. पुढे काय झाले ते आम्हांला कळले नाही.

पुढच्याच वर्षी, मे १९९८ मध्ये, बर्मिंगहॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत दाना इंटरनॅशनल जिंकली. येमेनी घराण्यातली, मुलगा म्हणून जन्मलेली ती गायिका. शनिवारची रात्र होती. विभागातल्या दूरदर्शनभोवती परिचारिका, झाडूवाल्या बाया, रोग्यांचे नातेवाईक, सगळे टाळ्या वाजवीत होते. त्या मुख्य बाईदेखील. आम्हीही वाजविल्या. पडद्यावर टाळी वाजविणे सोपे असते.

कोणी म्हणेल, हे सारे इथले खूळ. आपल्याकडे गावी असे काही नव्हते. आम्ही अलिबागेच्या इस्रायल आळीत वाढलो. कोणाकडे बाळ जन्मले, की तृतीयपंथी टाळ्या वाजवीत दारात येत, आणि आमची आजी त्यांना तांदूळ, नारळ आणि रुपया देऊन परत पाठवी. ती माणसे कुठून येतात, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ होता. चालणे, बोलणे, हातवारे सारे मुलीचे. मास्तरही हसत. पंधराव्या वर्षी तो घरातून नाहीसा झाला. त्याची आई म्हणे, "मुंबईला कामाला गेलाय." पत्र कधी आले नाही. तेव्हा 'नव्हते' हे खरे नाही. होते. ते घरात राहू शकत नव्हते, एवढेच. २०१४ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा ठाण्याच्या आमच्या मावसबहिणीने फोनवर ती बातमी वाचून दाखविली. आम्ही "बरं झालं" म्हणालो आणि लग्नाच्या याद्यांवर बोलू लागलो.

त्या ऑगस्टनंतरची गोष्ट. शाळेच्या समुपदेशक बाईंना लेक भेटली. डॉक्टरांची रांग लांब होती, पण घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत 'तातडीचे' लिहून दिल्यावर मानसतज्ज्ञ मिळाले. जावईबापू कमी बोलणारे गृहस्थ. ते एका शुक्रवारी सकाळी काही न बोलता पोराला घेऊन बाहेर पडले आणि आपल्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेले. दोघे शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले, दोघांचे केस एकाच मापाचे कापून घेतले, आणि येताना भाजी घेऊन आले. आम्ही पुस्तकांतून, व्याख्यानांतून जे शिकलो ते सारे एका बाजूला, आणि तो शुक्रवार दुसऱ्या बाजूला.

आमची गाडी मात्र नावाशी अडली होती. आता हेतू वाईट नव्हता, जीभ वळत नव्हती. हिब्रूत तर पळवाटच नाही. 'तू' म्हणावयाचे तरी मुलाला 'अता' आणि मुलीला 'अत'. मराठीत निदान 'तू' सर्वांना सारखा, पण क्रियापद लगेच चहाडी करते: आलास की आलीस? नातवाला मराठी येते ती दहा-बारा शब्दांची. आजी, चहा, चपाती, पुरे, चल, वेडा. पण शुक्रवारी तो आमच्याकडे येई तेव्हा आम्ही मोड आलेले वाल सोलायला त्याला बसवीत असू. बिरडे सोलणे हे मोठे चांगले काम आहे. हात गुंतलेले, डोळे परातीत. चौदा वर्षांच्या पोराला समोरासमोर बसवून "काय होतंय तुला?" असे विचारले, तर तोंडाला कुलूप लागते. वाल सोलताना तेच पोर आपणहून बोलते. आम्ही विभागातही आजारी मुलांना पट्ट्यांच्या घड्या घालायला देत असू, त्याचे कारण हेच.

एका शुक्रवारी आमच्या तोंडून निघाले, "जेवलंस का, लेकरा?" त्याने विचारले, हे काय म्हणालीस? आम्ही सांगितले. मग मराठीत तीन लिंगे असतात, तो, ती आणि ते. आणि लेकरू, मूल, बाळ हे तिसऱ्या 'ते'मध्ये बसतात, हेही सांगितले. आमची आई तर आम्हां मुलींनासुद्धा "काय रे बाळा, जेवलास का?" म्हणे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. नातू वाल सोलावयाचा थांबला. "म्हणजे तुमच्या भाषेत जागा होती?" असे त्याने विचारले आणि हसला. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा हसला.

दोन महिने आम्ही 'लेकरा'वर काढले. मग एक दिवस तोच म्हणाला, "आजी, ते 'ते' तुझ्यासाठी ठीक आहे. तुला थोडा वेळ बसायला. पण मी 'ते' नाही. मी 'तो' आहे." (दुसरी काही मुले 'तो'ही नव्हे आणि 'ती'ही नव्हे असे सांगतात, त्यांचेही ऐकावे.)

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, आमच्या आईचीच एक गोष्ट आठवली. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरेना, वैद्याने हात टेकले. तेव्हा अलिबागेच्या मशिदीत, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, हजानसाहेबांनी त्याचे नाव बदलले. फार आजारी माणसाचे नाव बदलावे, म्हणजे मरणाला तो सापडत नाही, ही आपल्या लोकांची जुनी रीत. मामा वाचले, ऐंशीच्या पुढे जगले, आणि त्यांना जुन्या नावाने कोणी हाक मारली की आई त्या माणसावर खेकसत असे. "ते नाव घेऊ नका. ते नाव आजाऱ्याचं." ज्या आईचे नाव सुटू नये म्हणून आम्ही चार महिने पोराला छळले, तिनेच हे आम्हांला शिकविले होते.

शास्त्र काय म्हणते तेही सांगावयास हवे, नाहीतर वाचक म्हणतील की बाई निवृत्त झाल्यापासून गोष्टीच सांगतात. अशा प्रकारची जाणीव हा मनाचा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणातून ती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. २०१९ साली हे वर्गीकरण मान्य झाले आणि २०२२ पासून लागू झाले. मन आजारी पडते ते लपविण्याने, टोमण्यांनी, घरच्यांनी पाठ फिरविल्याने. कॅलिफोर्नियात केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २२४ समलिंगी व उभयलिंगी तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारले होते, त्यांच्यात जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे सांगणारे, ज्यांना झिडकारले नव्हते त्यांच्या मानाने आठपटींहून अधिक होते. आणि २०१८ साली अमेरिकेतच १२९ ट्रान्सजेंडर तरुणांना विचारले, की तुम्ही निवडलेले नाव घरी, शाळेत, कामावर, मित्रांत, कुठे कुठे वापरले जाते? जितक्या अधिक ठिकाणी वापरले जाई, तितकी खिन्नता कमी. एकेका ठिकाणामागे मरणाचे विचार २९ टक्क्यांनी आणि तसे वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळले. एका पाहणीवर औषध ठरत नाही हे आम्हांला कळते. पण आमच्या आईला ही टक्केवारी सांगितली असती, तर ती म्हणाली असती, यात नवीन काय आहे?

औषधे आणि शस्त्रक्रिया यांबद्दल मात्र आम्ही सल्ला देणार नाही. वयात येणे लांबविणाऱ्या इंजेक्शनांविषयी डॉक्टरांतच मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने त्यांचा पुरावा कच्चा ठरविला आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत नाव-वेष बदलतानाही सावकाश जा, असे सांगितले. स्वीडन-फिनलंडनेही हात आखडता घेतला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेचे मत वेगळे. ते काम जाणकारांचे, आई-बापांचे आणि त्या मुलाचे. आजी-आजोबांचे काम त्याहून साधे, आणि आमच्या अनुभवावरून त्याहून कठीण: पोर जिवंत राहील आणि जेवेल असे घर ठेवणे.

परिचारिका म्हणून चार गोष्टी सांगतो. ही मुले शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण? शौचालय. मुलींच्यात जावे तर लाज, मुलांच्यात जावे तर मार. इथल्या उन्हात सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाणी न पिणारे मूल डोकेदुखी, लघवीची जळजळ, ताप घेऊन येते, आणि आपण त्याला प्रतिजैविके देत बसतो. आमच्या नातवाला त्या वर्षी दोनदा तसे झाले. शेवटी शाळेने शिक्षकांच्या शौचालयाची किल्ली दिली, आणि दुखणे थांबले. एका किल्लीने.

दुसरे, छाती दिसू नये म्हणून काही मुले मुरगळलेल्या पायाला बांधतात ती ताणाची पट्टी किंवा चिकटपट्टी आवळून बांधतात. ते कधी नको. श्वास कोंडतो, बरगड्या दुखावतात. त्यासाठी वेगळी बनियने मिळतात. तीही आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना नाही. हे सांगताना लाजू नका. आम्ही लाजलो, आणि पाठीवर वळ उठलेले आमच्या लेकीला आधी दिसले.

तिसरे, आपल्या वयाच्या माणसांची घरे म्हणजे औषधांची दुकाने. रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या साखरेच्या डब्याशेजारी उघड्या. ज्या घरात मन खचलेले मूल येते-जाते, तिथे त्या कुलपात गेल्या पाहिजेत. आमच्या यजमानांनी पहिल्यांदा कुरकुर केली, की रोज सकाळी किल्ली कोण शोधणार? आता किल्ली त्यांच्याच गळ्यात असते.

आणि चौथे, विचारा. "जीव द्यावासा वाटतो का?" हे शब्द उच्चारले म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही, विचार असेल तर विचारणारा भेटल्याने भार उतरतो. उत्तर 'हो' आले तर एकटे सोडू नका. इथे एरानला १२०१ वर रात्रंदिवस फोन करता येतो, धोका समोर दिसत असेल तर १०१. मुंबई-ठाण्यात नातेवाईक असतील तर त्यांना टेली-मानसचा १४४१६ द्या. मुलांसाठी 'इगी'चे गट आहेत, आई-बापांसाठी 'तेहिला' आहे. आमची लेक 'तेहिला'त पहिल्या दिवशी दाराबाहेरूनच परत आली होती. दुसऱ्या खेपेस आत गेली.

१ ऑगस्ट २००९ ला तेल अवीवमध्ये अशा मुलांच्या जमण्याच्या जागी गोळीबार झाला, दोघे मेले, कितीतरी जखमी झाले. जखमींपैकी काहींच्या घरी पोर तिथे जाते हे त्याच रात्री पहिल्यांदा कळले. रुग्णालयाच्या दारात उभे राहून ज्या आईने हे ऐकले असेल तिच्याविषयी आम्ही पुष्कळदा विचार करतो. घरी बिरडे सोलताना ऐकणे बरे.

नातलगांचे म्हणाल, तर सर्व काही गोड झाले नाही. एक चुलत सून मुलांना आमच्याकडे पाठवीत नाही. आणि आमचे धाकटे काका, पंच्याऐंशी वर्षांचे, मलिद्याच्या दिवशी सर्वांदेखत म्हणाले, "जन्मदाखल्यावर आहे तेच खरं. बाकी सगळं नाटक." हे काका १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आपल्या लोकांबरोबर उन्हात ठिय्या देऊन बसले होते. 'तुम्ही खरेच ज्यू का, आजी-पणजीपर्यंतचे कूळ दाखवा' असे रबीमंडळ विचारीत होते म्हणून. क्नेसेटने ऑगस्टात आपल्याला पूर्णपणे ज्यू मानले, त्या दिवशी ते रडले होते असे काकू सांगत. आम्ही म्हणालो, "काका, तुमच्याकडेही दाखला मागितला होता ना?" काका मलिदा खात राहिले. आम्हांला वाटले, आता काही बोलतील. नाही बोलले. अजूनही ते जुन्याच नावाने हाक मारतात. नातू म्हणतो, जाऊ दे आजी, काकांना एवढ्या उशिरा कोण शिकवणार. तू चुकू नकोस म्हणजे झालं.

आम्ही चुकतो. गेल्याच आठवड्यात बसमध्ये चुकलो. तो म्हणाला, "पुरे, आजी," मराठीतच, आणि आम्ही दुरुस्त केले. फार क्षमा मागावयाची नाही, हे त्यानेच शिकविले आहे. फार क्षमा मागितली की मग त्यालाच आमची समजूत घालावी लागते.

तो लेसच्या झग्यातला फोटो त्याने काढावयास सांगितला तेव्हा आम्ही तीन आठवडे टाळाटाळ केली. मग एका सकाळी उतरविला. फाडला नाही, आमच्या लग्नाच्या साडीखाली, कपाटात आहे. भिंतीवर त्या जागी चौकोनी डाग राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा. यजमान रंग देऊ म्हणतात. आम्ही म्हटले, राहू दे काही दिवस. नातू सतरा वर्षांचा झाला. शाळेत चित्रकला घेतली आहे, रात्री झोपतो, अर्ध्या बाह्यांचे सदरे घालतो. त्याने सांगितले, डागाच्या मापाचे काहीतरी काढून देतो. अजून दिले नाही. घाई नाही.

येत्या शुक्रवारी तो येणार आहे. वाल भिजत घातले आहेत.